भैयाजींचा एकटा राजा

साकोलीच्या बुद्धिबळ स्पर्धेत गेल्या वर्षी एकोडीची ज्योत्सना भैयाजींकडून हरली, त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. त्यांचं रेटिंग सतराशेच्या वर, तिचं बाराशेला कसंबसं टेकलेलं. हरणं रीतसर होतं. पण बक्षीस समारंभात भैयाजी माईकवर म्हणाले, "बाई इतका वेळ बसल्या हेच लय झालं! आता जा, घरी भात करपून राहिला असंन." सगळं सभागृह हसलं. ज्योत्सनाही हसली. हसताना दात आवळले गेले, ते वर्षभर सुटले नाहीत.

वर्षभर तिनं भैयाजींचे डाव पाहिले आणि एक खोड हेरली. माणूस पारावर खेळून मोठा झालेला. मारताना आधी समोरच्याची सोंगटी खटकन उचलायचा, मग आपली ठेवायचा.

यंदा दुसऱ्याच फेरीत गाठ पडली. भैयाजी चहा पीत, अर्धवट उभे राहून खेळत होते. ज्योत्सनानं आपला घोडा त्यांच्या वजिराच्या पुढ्यात नेऊन ठेवला. दिसायला शुद्ध गाढवपणा. भैयाजींनी घोडा खटकन उचलला आणि मग त्यांना दूरच्या कोपऱ्यातला तिचा उंट दिसला. घोडा त्यांनी परत ठेवला, झोपलेलं लेकरू ठेवावं तसा.

ज्योत्सनानं घड्याळ थांबवून पंच तृप्तीला बोलावलं. "मॅडम, यायनं माह्या घोड्याले हात लावला. आता मारा लागते."

"अवं, धूळ पुसून राहिलो होतो!"

"हात लावला म्हणजे मारायचा, सर," तृप्ती म्हणाली.

मारू शकत होता फक्त वजीर. वजिरानं घोडा मारला, उंटानं वजीर.

इथं दुसऱ्या कोणी हार मानली असती. भैयाजींना ते बाईसमोर जमेना, त्यामुळे ज्योत्सनाचं काम सोपं झालं. तिला मात दिसत होती. तिनं ती दिली नाही. आधी हत्ती खाल्ले, मग उंट, मग एकेक प्यादं, शेंगा सोलून खाव्या तसं. भोवती गर्दी जमली.

"देऊन टाक ना वं मात," भैयाजी हळूच म्हणाले. "काहून लांबवून राहिली?"

"घाई हाय का तुमाले?"

त्यांची एकच आशा उरली होती: शह नसताना राजाची कोंडी व्हावी, म्हणजे डाव बरोबरीत सुटेल. पण ज्योत्सना दर चालीला त्या राजासाठी एक घर आठवणीनं मोकळं ठेवत होती. शेवटचं प्यादं गेलं, पटावर राजा एकटाच राहिला, तेव्हा कुठे तिनं मात दिली.

भैयाजींनी हात पुढे केला. तिनं आधी त्यांच्या मेलेल्या सोंगट्या त्यांच्यापुढे सरकवल्या.

"मोजून घ्या, भैयाजी. मंग म्हणान, बाईनं नेल्या."

आणि सगळ्यांदेखत भैयाजी खरंच मोजू लागले.