पाचवी खुंटी

दुसरं मूल झालं तर सुनेला काय मिळणार, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. गच्चीलगतची उजेडाची खोली, सासूची माया, आणि शेजारणींच्या "एकावरच थांबलीस का गं?"मधून सुटका. जाणार काय, ते एकट्या तिला माहीत होतं. गणवेशांच्या कारखान्यातलं कापणीचं टेबल. नऊ वर्षं काजबटणं केल्यावर ते नुकतं हाती आलं होतं, आणि बाळंतपणाला गेलेल्या बाईसाठी तिथं कुणी टेबल राखून ठेवत नसे.

तिला एक लेक पुरे होती. नवऱ्याला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, "तुझं तू ठरव. फक्त आईला दुखवू नकोस."

सासू भांडली नाही. तिनं सुतार बोलावला. दाराशी फळीवर माणशी एक खुंटी होती, चौघांच्या चार. तिनं पाचवी ठोकून घेतली आणि इतरांबरोबर तीही रोज पुसू लागली. येणारीजाणारी आधी रिकाम्या खुंटीकडे बघायची, मग सुनेच्या पोटाकडे. लेक त्या खुंटीवर दप्तर अडकवायला तयार होईना.

"त्याची आहे ती," म्हणायची. "तो रागावतो."

मग एका दुपारी कारखान्यात कापडाचे थर कापून झाल्यावर सुनेनं कातरण गोळा केलं, तर त्यात दोन बाह्या निघाल्या. वीतभरही नव्हत्या. खूण तिच्याच खडूची, काप तिच्याच कात्रीचा. कधी कापल्या ते काही केल्या आठवेना. कारखान्यातली काजं करणारी शेजारीण हसली. "हात आधीच कबूल झालेत की तुझे."

वर्ष सरायच्या आत मुलगा झाला. टेबल त्या शेजारणीला मिळालं. उजेडाची खोली मिळाली. तिथं दुपटी झकास वाळत. सासू खरोखरच माया करू लागली.

बाळ पावलं टाकू लागलं, तसा सुतार पुन्हा आला. पुढच्या बाळाच्या सहाव्या खुंटीला फळीवर जागाच नव्हती. सासूनं मायेनंच विचारलं, "तू आता कुठं बाहेर जातेस गं?" सुनेनं आपल्या खुंटीवरची पिशवी काढून घेतली.

संध्याकाळी लेक बोट लावून मोजत होती. आजीची, बाबांची, माझी, बाळाची. उरलेल्या, आईच्या रिकाम्या खुंटीपाशी तिनं आवाज हळू केला. "ही त्याची."

आई मागेच उभी होती. सासूला नातू मिळाला होता, नवऱ्याला शांतता, शेजारणीला टेबल. ज्या बाईनं या सगळ्याची किंमत मोजली, ती तेवढी मोजणीत आली नाही.