रविवारी सकाळी आठ वाजून एक मिनिट

शनिवारी पहाटे साडेपाचला अबुधाबीतल्या घरात दत्तप्रसादने चहाचं आधण ठेवलं, तेव्हा मुग्धा हॉलमध्ये जागी बसलेली दिसली. मांडीवर लॅपटॉप, हातात फोन. ती गुरुवारी शिकागोहून आली होती. तीन आठवडे आधी मागून तिला कशीबशी आठ दिवसांची रजा मिळाली होती.

"झोपली नाहीस?"

"बाबा, बसा जरा. आणि पॅनिक होऊ नका."

असं म्हटल्यावर माणूस दुसरं काय होणार? तो तसाच उभा राहिला.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी तिकडच्या शुक्रवारी दुपारी एका आदेशावर सही केली होती. मुग्धा ज्या व्हिसावर नोकरी करत होती, त्याच व्हिसाबद्दल तो होता. रविवारी मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या मिनिटापासून, त्या व्हिसावर बाहेरून येणाऱ्या प्रत्येकासाठी कंपनीने एक लाख डॉलर भरले नसतील, तर देशात प्रवेश नाही. तिच्या कंपनीच्या वकिलांची मेल आली होती. जे बाहेर आहेत त्यांनी मुदतीच्या आत परत या, जे आत आहेत त्यांनी बाहेर पडू नका.

"तिकडची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे?"

"रविवार. सकाळी आठ वाजून एक मिनिट."

दत्तप्रसादने गॅस बंद केला. एक लाख डॉलर म्हणजे तीन लाख सदुसष्ट हजार दिरहम, म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाख रुपये. कोणती कंपनी कोणासाठी भरणार?

"विमान बघ," तो म्हणाला.

"बाबा, उद्या आईचं श्राद्ध आहे."

"मला माहीत आहे उद्या काय आहे."

विभावरी गेल्या वर्षी जुलैत गेली. सकाळी छातीत दुखलं आणि संध्याकाळपर्यंत संपलं. मुग्धाची व्हिसाची फाइल तेव्हा तिकडे चालू होती. मध्येच देश सोडला तर अर्जच रद्द झाला असता, म्हणून तिने आईचा अंत्यविधी फोनवर पाहिला. नंतर कित्येक दिवस ती बापाशी धड बोलली नाही. तोही तिच्याशी बोलला नाही. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षात अविधवा नवमीला करतात, पण नवमीला मुग्धाला रजा मिळाली नाही. ज्यांची तिथी चुकली त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या असते. ती उद्या होती. एक पिंड मुलीच्या हातून ठेवायचा, हे गुरुजींकडून कबूल करून घ्यायला तिने शिकागोहून तीनदा फोन केले होते.

"शेवटचं विमान किती वाजता?" त्याने विचारलं.

"साडेदहा. न्यूयॉर्क. वेळेत पोचणारं हेच शेवटचं. पण माझं ऐका ना. राष्ट्राध्यक्षाने सही केली म्हणजे सगळं संपलं, असं नसतं तिकडे."

"मग कसं असतं?"

"बाहेरून कोणाला येऊ द्यायचं नाही, हे तो ठरवू शकतो. तो अधिकार त्याला काँग्रेसने कायदा करून दिलाय. पण फी लावणं, टॅक्स लावणं हे काँग्रेसचं काम. म्हणून लोक कोर्टात जाणार. एखादा जज ऑर्डर थांबवू शकतो."

"राष्ट्राध्यक्षाची?"

"हो. साधा खालच्या कोर्टातला जजसुद्धा."

"आणि तो जज उद्या आठच्या आत उठून थांबवणार आहे का?"

मुग्धाने फोन पालथा ठेवला.

दत्तप्रसादची सव्वीस वर्षं अबुधाबीत गेली होती. इथे फर्मान निघालं की ते लागू होतं, आणि माणसाने आधी हालचाल करायची, वाचायचं नंतर, हे तो शिकला होता. शिकायची किंमतही मोजली होती. २०२०च्या मार्चमध्ये विभावरी पुण्याला गेली होती. सीमा बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा ती म्हणाली, मी आजच निघते. हा म्हणाला, थांब, सर्क्युलर नीट वाचून मग ठरवू. दुसऱ्या दिवशी रेसिडेन्स व्हिसावाल्यांनाही दार बंद झालं. पाच महिने ती भावाकडे पुण्यात अडकली. तिच्या वाट्याची वर्षं किती थोडी उरली आहेत, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? त्यातले पाच महिने त्याच्या नीट वाचण्यात गेले.

त्याने गुरुजींना फोन लावला. वेदांगगुरुजी जेमतेम तिशीचे. आठवडाभर दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे आणि शनिवार-रविवारी पूजा सांगायचे.

"आजच येता का, गुरुजी? आत्ता? मुलीला साडेआठच्या आत एअरपोर्टवर पोचवायचंय."

"काका, गाडी काढून मी तासाभरात पोचेन. पण आज घातचतुर्दशी. अपघातात, शस्त्राने गेलेल्यांचा दिवस. काकूंचं आज करता येत नाही."

"अडचणीत चालत असेल काहीतरी."

"मी चालवलं तर चालेल, तुम्हाला कोण विचारणार? पण ते माझ्या मनाचं होईल. मला तो अधिकार नाही, काका. उद्या सातला मी येतोच आहे. ताई नसल्या तर तुम्ही करा, तुमच्या हातून पोचेल."

मुग्धाने सगळं ऐकलं होतं. "त्यांना कळतं, बघा," ती म्हणाली. "कुठपर्यंत आपलं चालतं आणि कुठे नाही."

"टोमणे नंतर मार. तिकीट काढ."

"मला जायचं नाहीये."

"तुला विचारलेलं नाही."

हे तो बोलून गेला. मुग्धाने लॅपटॉप बंद केला आणि आत जाऊन बॅग भरायला लागली. आपटत वगैरे नाही, शांतपणे. तेच त्याला जास्त लागलं. विभावरी असती तर मध्ये पडली असती. या घरात त्याचा शब्द चालायचा, पण विभावरीच्या हाताखालून गेला की मगच. आता तो थेट जाऊन पोरीवर आदळत होता.

तिकीट त्यानेच काढलं. आठ हजार दिरहम. एक लाख नव्वद हजार रुपये, असं तो सवयीने मोठ्याने पुटपुटला आणि आतून आवाज आला, "मी देईन नंतर."

खाली मुनीर गाडी पुसत होता. मुनीर त्याच्याच कंपनीत, मुसफ्फा औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडकामाच्या यार्डात फोरमन. मूळचा कोळिकोडचा. बॅग पाहून तो म्हणाला, "क्या दत्ता साब, बच्ची परसों तो आयी."

दत्तप्रसादने दोन वाक्यांत सांगितलं.

"साइन हो गया?"

"हो गया."

"तो फिर खलास. यल्ला, निकलो जल्दी." मुग्धाकडे बघून तो हसला. तिला तो मल्याळीत मोले, म्हणजे मुली, म्हणायचा. "उधर का भी अभी इधर जैसा हो गया, मोले?"

"नहीं, अंकल. उधर कोर्ट है."

"कोर्ट तो शनिवार को बंद रहता है, बेटा."

मोहम्मद बिन झायद सिटीतून विमानतळ वीस-पंचवीस मिनिटांवर. रस्त्यात ती आदेशाचा मजकूर वाचत होती, मोठ्याने नाही. एकदाच म्हणाली, "वकिलांनी नीट वाचलेलं वाटत नाही. घाबरून लिहिलंय." स्पीडोमीटरचा काटा एकशेवीसवर धरून ठेवण्यात त्याचं सगळं लक्ष होतं. दारापाशी तिने त्याला नमस्कार केला, बॅग ओढत आत गेली, आणि तो कॉफीच्या दुकानाबाहेरच्या खुर्चीवर बसून राहिला. अबुधाबीत अमेरिकेचं इमिग्रेशन इथेच, विमानात चढण्याआधी होतं. अमेरिकन अधिकारी इथे बसतो, शिक्का इथेच मारतो. तो शिक्का पडला की फोन कर, असं त्याने बजावलं होतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन आला.

"झालं?"

"नाही. मी अमेरिकन इमिग्रेशनच्या बाहेरच्या बाकावर बसलेय. रांगेच्या तोंडाशी एक ऑफिसर होता, त्याला विचारलं. म्हटलं, मी आज न जाता पुढच्या आठवड्यात आले तर? तो म्हणाला, मॅडम, तुम्ही टीव्हीवर पाहिलं तेवढंच मीही पाहिलंय. माझ्याकडे लेखी काही आलेलं नाही. आज आलात तर शिक्का मारतो, पुढच्या आठवड्याचं मला ठाऊक नाही."

"मग आज मारून घे."

"बाबा, राष्ट्राध्यक्षाने सही केली आणि त्याच्याच काउंटरवरच्या माणसाला काही माहीत नाही. आणि आपण पहाटेपासून भांडतोय." तिचा आवाज बारीक झाला. "आत गेले की संपलं. अर्ध्या तासात रांग बंद करतील. मी पुन्हा तेच करतेय. तेव्हा फाइल होती, आता हे."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही परत ये म्हणालात तर मी येते. जा म्हणालात तर जाते. पण या वेळी तुम्ही सांगा, म्हणजे मला नंतर तुमच्यावर रागावता येईल."

ती हसत नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने दत्तप्रसादकडे पाहिलं, इतका तो ताठ बसला होता. सकाळपासून तो हुकूम देत होता. आता हुकूम मागितला जात होता, तर तोंडातून शब्द फुटेना.

"वाच," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"आदेश. तुझ्याबद्दल जे कलम असेल ते वाच. सावकाश."

तिने इंग्रजीत वाचलं. त्याने एक वाक्य दोनदा वाचायला लावलं. यार्डात त्याचं कामच ते होतं. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली की पहिला प्रश्न एकच, ही कुठल्या मालाला लागू? ज्या प्लेटा आधीच कापून झाल्या, त्यांना नवी रिव्हिजन लागत नाही. तसं वेगळं लिहिलेलं असेल तरच लागते. पोरं घाबरून कापलेला माल भंगारात टाकायला निघायची, आणि तो त्यांना थांबवून वाचायला लावायचा. आज त्याने स्वतः काहीच वाचलं नव्हतं.

"यात अर्जाबद्दल आहे," तो म्हणाला. "अर्जासोबत पैसे भरलेत की नाही. तुझा अर्ज तर कधीच मंजूर झालाय. मंजूर झालेल्यांचं काय, ते कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. धड हो पण नाही, नाही पण नाही. तेच तर मी गाडीत बघत होते."

"मला वाटतं जुन्यांना लागत नसावं. पण मला वाटून काय उपयोग? उद्या काउंटरवरच्याला दुसरंच वाटेल. नोकरी जाईल, घर जाईल. सहा वर्षं काढलीस तिथे."

"माहितीय."

"मी सकाळी तुला विचारलेलं नाही म्हणालो. ते चुकलं. आता विचारतो. तुला काय करायचंय?"

फोनवर कुठल्याशा विमानाची घोषणा ऐकू आली. ती संपेपर्यंत दोघं थांबले.

"मला उद्या घरी असायचंय," मुग्धा म्हणाली.

"मग ये."

तिला बाहेर यायला सव्वा तास लागला. निघण्याचा शिक्का रद्द करायचा, बॅग विमानातून उतरवायची. त्या सव्वा तासात दत्तप्रसाद तीनदा फोन हातात घेऊन, आत जा, विमान पकड, असं सांगायला निघाला आणि तीनदा थांबला. साडेदहा वाजून गेले. आता वेळेत पोचवणारं एकही विमान उरलं नव्हतं.

दिवस कठीण गेला. तिच्या मॅनेजरचा फोन आला. आम्ही काही हमी देऊ शकत नाही, असं तो दोनदा म्हणाला. संध्याकाळी मुनीर फणस घेऊन आला, मुग्धाला घरात पाहून काहीच न विचारता फणस ठेवून गेला. बापलेकींनी तांदूळ निवडले, तीळ काढून ठेवले.

रविवारी पाच वाजता उठून त्याने फोन पाहिला. तिकडच्या इमिग्रेशन खात्याच्या एका अधिकाऱ्याचं पत्रक आलं होतं. दत्तप्रसादने चष्मा लावला आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत दोनदा वाचलं. आदेश नव्या अर्जांना लागू. आधी मंजूर झालेल्यांना नाही.

तिला त्याने अर्धा तास झोपू दिलं. मग उठवून फोन तिच्या हातात दिला. तिने वाचलं, पांघरुणात तोंड घातलं आणि बराच वेळ तशीच राहिली.

"हे आलं नसतं तर?" आतूनच तिने विचारलं.

"तर तू इथे असतीस, आणि मी रोज स्वतःला विचारत बसलो असतो."

"आणि मी गेले असते तर?"

"तरी विचारत बसलो असतो," तो म्हणाला. "ऊठ. आंघोळ कर. सातला येतील ते."