फुगा फुटला, हात गप्प

मी एक जुनी मूठ आहे, मित्रांनो. तलवारीची नव्हे, छत्रीचीही नव्हे; खेळाची. डोळ्यांवर जाड काळा चष्मा चढवायचा, मला हातात धरायचं, की भिंती नाहीशा होतात आणि समोर रंगीत फुगे तरंगू लागतात. हात पुढे नेऊन फुगा फोडायचा. तो फुटला की मी हातात थरथरायचं. एवढंच माझं काम.

कारखान्यातून निघताना वाटलं होतं, आता घरोघरच्या मुलांशी खेळायला मिळणार. नशिबात आली दवाखान्याची खोली. अर्धांगवायूने लुळ्या पडलेल्या हातांना मला पट्ट्याने बांधतात. सुरुवातीला माझं कोण कौतुक! पाहुणे आले की मला पुसूनबिसून पुढे ठेवत. मग सवय झाली. एकदा टेबलावरून पडले आणि माझ्या आतली थरथर बंद पडली. हिरवा दिवा तेवढा लागत राहिला. दिवा लागतोय ना, मग आत कशाला कोण डोकावतंय!

अशात शिंपीकाका आले. त्यांचा डावा हात हळूहळू उचलत होता, पण बधिर होता. काकू शेजारच्या स्टुलावर बसायच्या. फुगा फटकन फुटला की विचारायच्या, "अहो, कळलं का?"

"कळलं की! गुदगुल्या होतात."

काकूंचा चेहरा उजळायचा. मी मात्र त्या हातात दगडासारखी पडलेली असायचे. मी थरथरलेच नव्हते. पण मुठीला तोंड कुठे असतं?

काकांना दुकानात परतायचं होतं. डाव्या हाताने कापड ताणायचं, उजव्याने इस्त्री फिरवायची, ही जन्माची सवय. बधिर बोटांवरून तापलेली इस्त्री गेली, तर वास आल्यावरच समजायचं. म्हणून व्यायाम करून घेणाऱ्या ताईंनी बजावलं होतं, "स्पर्श कळेपर्यंत इस्त्री नाही." त्या कापसाचा बोळा फिरवून विचारत, तेव्हा काका मिटलेले डोळे हळूच किलकिले करत आणि बघून उत्तर देत. शेवटी ताईंनी दुकानाला होकार दिला.

त्याच आठवड्यात शाळेतल्या एक निवृत्त बाई माझ्याशी खेळायला आल्या. दोन फुगे फोडून म्हणाल्या, "तुमची ही मूठ मुकी आहे हो, थरथरतच नाही. वर्गात एखादं पोर असतं ना, कळो न कळो, मान डोलावणारं!"

ताईंनी मला स्वतःच्या हातात धरून पाहिलं. मग कारागिराला बोलावून मला दुरुस्त करून घेतलं.

काका निरोप घ्यायला आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून. ताई म्हणाल्या, "जाता जाता एक डाव खेळा." फुगा फुटला. मी जीव तोडून थरथरले.

"कळलं, काका?"

"कळलं की! अगदी रोजच्यासारखं."

"काका, रोज ही थरथरतच नव्हती. काल दुरुस्त केली."

काकू म्हणाल्या, "मग गुदगुल्या कुठे होत होत्या तुम्हाला?"

"तू इतक्या आशेने विचारायचीस. नाही कसं म्हणू?"

काकू रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. स्टूल पुढे ओढलं आणि काकांच्या हातावरून आपला हात माझ्यावर ठेवला. पुढचा फुगा फुटला. "हे बघा, असं असतं. शिवणयंत्र चालू असताना टेबलावर हात ठेवल्यासारखं."

"नाही कळत मला," काका म्हणाले.

माझ्या संगतीत ते पहिल्यांदा खरं बोलले.

आता दुकानात इस्त्री काकूंच्या हाती असते. काका खडूने खुणा करतात आणि वर काकूंच्या घड्यांना नावंही ठेवतात. इथे येणं चालूच आहे. फुगा फुटतो, काकू विचारतात, काका "नाही" म्हणतात. मीही "कळलं" ऐकायची पूर्वीइतकी वाट पाहत नाही.

परवा फुगा फुटला. काका "नाही" म्हणाले. मग चष्मा न काढताच काकूंना म्हणाले, "थांब जरा. अजून एक येऊ दे."

त्यांना काही कळलं की नुसता भास झाला, मला माहीत नाही.

मित्रांनो, दिवा हिरवा दिसला म्हणून वस्तूला धड समजू नका. कधीतरी आत डोकावून बघा. आणि आपलं माणूस "कळलं" म्हणो की "नाही" म्हणो, त्याच्या शेजारचं स्टूल सोडू नका.