डॉक्टरबाईंची बंदी

गादीवाल्याची बायको मशीनवर खोळी शिवायची आणि नवरा त्यात कापूस भरायचा. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा ओळखीपाळखीच्यांनी टिंगल केली होती, की या दोघांना अंथरुणाची काही ददात नाही. खोटं नव्हतं ते. दुकानाचं शटर खाली ओढलं की नवी गादी तपासून बघायची त्यांची खोड होती, आणि तपासणीत दोघंही कुचराई करत नसत.

तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात थोडं रक्त गेलं. डॉक्टरबाईंनी सासूबाईंच्या देखत बजावलं, "मी सांगेपर्यंत नवराबायकोनं जवळ यायचं नाही." त्या दिवसापासून नवरा बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपू लागला. सगळ्यांना गाद्या पुरवणारा माणूस फरशीवर! तिनंही मुकाट्यानं सोसलं. पोरासाठी काय वाट्टेल ते. पण रक्त थांबलं, मळमळ गेली, पोट वर आलं आणि तिचं अंग उलट जास्तच पेटू लागलं. गरोदर बाईला असं काही वाटतं हे कुणी बोलत नाही, म्हणून काय वाटायचं राहतं? प्रत्येक वेळी दवाखान्यात विचारायचं ती ठरवायची, पण शेजारी सासूबाई ठाण मांडून बसलेल्या. त्यांच्यासमोर ती फक्त गोळ्यांचं विचारून परत यायची.

सातव्या महिन्यात सासूबाईंचे गुडघे धरले आणि ती एकटीच तपासायला गेली. मनाचा हिय्या करून तिनं विचारलं.

डॉक्टरबाई हसल्या. "अहो, ती बंदी केव्हाच उठली. सोनोग्राफी चांगली आली तेव्हाच, रिपोर्ट न्यायला आलेल्या तुमच्या मिस्टरांना सांगितलं मी. बोलले नाहीत?"

"बोलले असतील. माझ्याच लक्षात राहिलं नाही," ती म्हणाली. नवऱ्याची लाज झाकायला बायका किती चटकन खोटं बोलतात!

वाटेत तिनं त्याच्यासाठी सबबी शोधल्या. घाबरला असेल बिचारा. बाळाला काही होईल म्हणून गप्प राहिला असेल. दुकानात पोचेपर्यंत तिनं त्याला माफसुद्धा करून टाकलं होतं.

तो गादीला टाके घालत होता. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. ती त्याच्यासमोर बसली.

"डॉक्टरबाईंनी तुला सांगितलं होतं म्हणे."

त्याची सुई थांबली.

"बाळाची भीती वाटते ना तुला? मग मला सांगायचंस की." हो म्हण, एवढं हो म्हण, असं ती मनातल्या मनात विनवत होती.

त्यानं खोटं बोलायला हवं होतं. माणसं उठताबसता थापा मारतात. याला नेमका त्याच घडीला खरेपणा सुचला.

"भीती नाही गं. पोट दिसायला लागल्यापासून मनच होत नाही. हात लावावासाच वाटत नाही. बंदी होती ते बरंच झालं, मला काही बोलावं लागलं नाही."

तिला रडू आलं नाही. लाज वाटली, भररस्त्यात उघडं पडल्यासारखी. तिनं ओढणी पोटावर ओढून घेतली.

"आणि बाळ झाल्यावर?" तिनं विचारलं. "मग तरी येशील?"

त्यानं पुढचा टाका घातला. "बघू," म्हणाला.

ज्या गिऱ्हाइकाचं काम घ्यायचं नसे, त्याला तो हेच सांगायचा. तोंडावर नाही म्हणून कुणाला दुखवणं त्याला जमत नसे. गिऱ्हाईक बिचारं आशेनं चार खेपा घालायचं, मग आपणहून यायचं थांबायचं.