ताडपत्रीखालचा दिवा

आमच्या शिवकन्येचं काम काय, असं कुणी विचारलं की मी आधी पदर सावरून बसते. ती पुण्यात इंजिनिअर आहे. दोन गाड्या धडकल्या की कुणाचं कुठं चुकलं, ते मोडक्या पत्र्यावरून शोधून काढते. "म्हंजे भंगार बघती व्हय?" असं एका बाईनं विचारलं होतं. तिच्याशी मी आजही बोलत नाही.

यंदाच्या चैत्रात तिचं काम आमच्याच अंगणात आलं. आमचे हे, म्हणजे व्यंकटराव, हळदीची पहिली खेप घेऊन पहाटे अंधारात वसमतच्या बाजाराला निघाले होते. जवळच्या गोरेगावचा लतीफ रिकामी जीप घेऊन मागून आला आणि आमच्या ट्रॉलीवर धडकला. त्याचा पाय मोडला. तो म्हणे, ट्रॉलीला मागचा दिवाच नव्हता. हे म्हणत, दिवा चालू होता, लतीफच झोपेत होता. गुन्हा लतीफवर लागला. लायसन गेलं तर त्याचं घर बसणार, कारण जीप चालवण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नाही.

पंचनामा होऊन ट्रॉली घरी आली, तसा यांनी लेकीला फोन केला. "ये, अन् तुझ्या बापाचं खरं हाय हे समद्यांना दाखव."

ती आली आणि चहासुद्धा न पिता ट्रॉलीमागे उकिडवी बसली. फुटक्या दिव्यातला बल्ब काढून तिनं उन्हात धरला. "बाबा, तुमी खोटं न्हाई बोलले. दिवा पेटलेला असला की आतली तार तापलेली असती, म्हणून धक्क्यानं अशी लांबती. इझलेला असता तर लांबली नसती."

यांची मान अशी काही ताठ झाली की मला हसूच आलं.

मग तिनं ताडपत्री मागितली. पहिल्या खेपेच्या मालाला नजर लागू नये म्हणून हे ताडपत्री मागून पार खालपर्यंत ओढून बांधतात. तिनं ती अंगणात पसरली. मागच्या टोकाला आतून दिव्याच्या लाल काचेचे तुकडे रुतले होते, आणि बरोबर तिथंच बाहेरून जीपचा पांढरा रंग लागला होता.

"दिवा चालू व्हता, पण ताडपत्रीच्या आत. लतीफकाकाला काय दिसणार?"

"बल्बाचं सांगू की. ताडपत्रीचं काहून काढून राहिली?"

"माझ्या कामात अर्धं खरं चालत न्हाई, बाबा. अन् मी घरची, माझं कुणी ऐकणार न्हाई. तुमालाच हे ठाण्यात नेऊन द्यावं लागंल."

"बापावर गुन्हा घालायला शिकवलं व्हय तुला?" हे कडाडले. तिनं नजर खाली घेतली नाही. मी मात्र आतून फुलून गेले होते. पुरुषांसमोर अशी उभी राहायची माझी कधी छाती झाली नव्हती.

यांनी बराच वेळ लतीफच्या गावाकडं जाणाऱ्या रस्त्याकडं पाहिलं. मग उठून ताडपत्रीची घडी घातली आणि खांद्यावर टाकली. आम्ही दोघी मागोमाग निघालो.

ठाण्यातल्या जमादारानं सगळं ऐकून घेतलं. "व्यंकटराव, हे तुमच्याच अंगावर येईल. कुणी सांगितलं तुम्हाला हे असलं?"

"माझ्या लेकीनं," हे म्हणाले. सगळं ठाणं वळून बघेल एवढ्या मोठ्यानं. "इंजिनिअर हाय ती. तिचं चुकत न्हाई. लिहा."