न दिसणारा जाळ

आमचा ट्रक हायड्रोजनवर चालतो म्हटलं की लोक आधी हसायचे आणि मग दोन पावलं मागं सरकायचे. मला दोन्हींचा राग यायचा. पंधरा वर्षं फौजेत गाड्या चालवून मी साताऱ्याकडच्या माझ्या गावी, मेढ्याला, परत आलो होतो आणि सांगलीला नानासोंच्या ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर म्हणून लागलो होतो. सत्त्याण्णव साली त्यांचा इंजिनियर पुतण्या, राजवर्धन, यानं एका जुन्या ट्रकचं इंजिन बदलून घेतलं. थोडं डिझेल, बाकी हायड्रोजन. कुपवाडच्या ज्या वनस्पती तुपाच्या कारखान्याचा माल आम्ही वाहायचो, तिथं तेल घट्ट करायला हा वायू तयार होतोच. उरलेला वाया घालवतात, तो आपण भरू, असं त्याचं म्हणणं होतं.

अडचण एकच होती. केबिनमागच्या सिलिंडरमध्ये मावणारा वायू साताऱ्यापर्यंतच पुरायचा. परत यायचं तर साताऱ्यातही भरायची सोय हवी. कारखान्याच्या मालकांनी कबूल केलं होतं, दसऱ्याची पहिली फेरी सुखरूप झाली तर साताऱ्याची सोय कायमची करतो, आणखी पाच ट्रकही काढू. त्या पाच ट्रकांवरचा मुख्य ड्रायव्हर मी होणार होतो. हार घातलेली गाडी घेऊन साताऱ्यात शिरायचं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

या वायूचा जाळ दिवसा दिसत नाही. धूर नाही, वास नाही. राजवर्धननं हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, मग कळायचं कसं? त्यानं कारखान्यातल्या वायू भरायच्या आवाराकडं बोट केलं. तिथली झाडलोट करणारी दगडाबाई, पन्नाशीची, बुटकी, काठीला बांधलेली केरसुणी पुढं धरून एकेका सांध्यापाशी फिरवत चालली होती. जाळ असला तर केरसुणीचं टोक पेटतं आणि माणूस वाचतो. गाडी भरली की दगडाबाईनं तिच्याभोवती असा एक फेरा मारायचा आणि मगच गाडी चालू करायची, हा नियम होता.

तिकडं वायू भरायची तात्पुरती सोय लावायला राजवर्धन दसऱ्याच्या आदल्या दिवशीच साताऱ्याला जाऊन थांबला होता. आवारात काडी ओढायला बंदी, म्हणून पूजा गेटबाहेर ठेवली. फार अक्कल चालवली असं आम्हांला वाटलं. भरलेली गाडी बाहेर आली की वायूही तिच्याबरोबर बाहेर येतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. फेरा पूजेनंतर मारू, असं मीच ठरवलं.

झेंडूचे हार घातले, चाकाखाली लिंबं ठेवली, हलगी सुरू झाली. आमच्या मालकीणबाई, नानासोंच्या पत्नी बनुबाई, जरीचं पातळ नेसून तबक घेऊन उभ्या होत्या. मी उदबत्त्या पेटवल्या आणि अख्खा जुडगा केबिनमागं, सिलिंडरच्या चौकटीत खोचला. काहीतरी फट् वाजलं. मला वाटलं, हलगीवाल्याचा हात चुकला.

तेवढ्यात दगडाबाई आली. तिच्या अंगावर पांढरं स्वच्छ पातळ होतं, काम उरकून ती विहारात जाणार होती.

"ड्रायव्हर, फेरा ऱ्हायलाय," ती म्हणाली. "मागनं आवाज येतोय."

आरती होऊ दे, मग बघू, असं मी तिला सांगितलं. ती थांबली नाही. नुकतं कुंकू लावलेल्या गाडीपुढं केरसुणी आलेली पाहून माझं डोकं फिरलं. मी ती तिच्या हातातून हिसकावली आणि रस्त्यापलीकडं भिरकावून दिली. दिवाळीला त्याच केरसुणीला हळदकुंकू वाहणारे आम्ही. मला फक्त केरसुणी खुपली असं मी पुढं कित्येक दिवस मनाला सांगत होतो. ते अर्धंच खरं होतं. ती कुणाच्या हातात आहे, तेही मला खुपलं होतं.

दगडाबाईनं माझ्याकडं एकदा पाहिलं. बनुबाई सिलिंडरला कुंकू लावायला केबिनमागं निघाल्या होत्या. दगडाबाई झपझप त्यांच्या पुढं गेली आणि उजवा हात लांब करून हवेत चाचपू लागली. ती गाडीची दृष्ट काढते आहे असं मला वाटलं. हसूही आलं. मग तिची बोटं एकदम पांढरी पडली आणि कातडी सुटली. तिनं तो हात ओढून घेतला, डाव्या हातानं सिलिंडरची चावी शोधून घट्ट बंद केली आणि खाली बसली. लख्ख उन्हात, समोर काहीही पेटलेलं दिसत नसताना, एका बाईचा हात जळताना मी पाहिला. हलगी अजून वाजतच होती.

नानासोंच्या जीपमधून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. बनुबाई बरोबर आल्या होत्या. कारकुनानं बाईचं नाव विचारलं. आठ महिने मी तिला रोज पाहत होतो, पण मला नाव सांगता येईना. झाडूवाली, एवढंच तोंडात आलं. तिनंच डोळे मिटून नाव सांगितलं, दगडाबाई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हात कशाला घातला, असं मी तिला कसंबसं विचारलं.

"मालकीण पुढं निगाल्या हुत्या," ती म्हणाली. "त्यास्नी दिसलं नसतं."

कसं भाजलं, हा कारकुनाचा पुढचा प्रश्न. घरी स्टोचा भडका झाला, असं नानासोंनी परस्पर सांगून टाकलं आणि कारकून लिहायलाही लागला. भाजलेली बाई म्हणजे स्टो, त्याला यात नवल वाटलं नाही. नानासोंनी मला बाजूला घेतलं. कारखान्याचं नाव कागदावर आलं तर वायू आजच बंद होईल, साताऱ्याची सोय कधीच होणार नाही, तुझंही काम जाईल, आणि बाईचा खर्च मी करतोच आहे, असं ते मला समजावू लागले.  खरं सांगायचं तर मी गप्पच बसणार होतो.

"माज्या घरात स्टो न्हाई," खाटेवरून दगडाबाई म्हणाली. "लेकीनं गॅसची शेगडी घिऊन दिलीया."

कारकुनाचं पेन थांबलं. तिथं कोण होतं, असं त्यानं विचारलं. नानासो माझ्याकडं बघत राहिले. दगडाबाईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडून तिची काही अपेक्षाच नव्हती.

"मी हुतो," मी म्हणालो. "कारखान्याच्या गेटावर झालं. उदबत्ती मी लावली. ही बाई सांगत हुती, तिला मीच अडवलं. लिवा."

नानासो तडक बाहेर निघून गेले. कारकुनानं लिहिलेला कागद फाडला, कोरा पुढं ओढला आणि मला माझं नाव विचारलं.