नववी चकती

शोधू नका, मी दिसणार नाही. सुईच्या टोकावर माझ्यासारखे हजारो मावतात आणि वर जागा उरते. मी जंतू आहे. कोंबड्यांच्या शेडमध्ये जन्मलो आणि आता एका प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये, बोटाएवढ्या नळीत गोठून पडलो आहे. नळीवर नंबर आहे, कैद्याला असतो तसा. मी आता पश्चात्तापाचं काहीतरी बोलेन अशी आशा धरून बसला असाल, तर खुशाल उठा.

माझा जन्म दोन दिवसांच्या पिल्लाच्या आतड्यात झाला. आमच्यात आईबाप, काका-मामा ही भानगड नसते. एकाचे दोन होतात, दोघांचे चार, आणि सगळे मीच. म्हणजे इथे नळीत आहे तो मी, आणि तिकडे शेडमध्ये उरला तोही मीच.

शेड दोघा भावंडांची होती, थोरला दादा आणि धाकटी बहीण. बहीण पाकिटावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पाकीट फोडत नसे, म्हणून दादा तिला मास्तरीण म्हणायचा. शेडमध्ये पाच हजार पिल्लं, खाली भुसा, वर पाण्याच्या नळ्या आणि कोपऱ्यात एक निळा पिंप. त्या पिंपातूनच सगळ्यांना पाणी जायचं. दादा औषध ढवळायचा तेही त्यातच.

आजारी पिल्लांसाठी? छे. पिल्लं आली की प्रवासाचा शीण म्हणून औषध. हवा बदलली की खबरदारी म्हणून औषध. एखादं पिल्लू मान टाकून बसलं, तर पाचही हजारांना औषध. औषधवाला मोटारसायकलला पिशवी अडकवून यायचा आणि म्हणायचा, "दादा, आधीच दिलेलं बरं. रोग काय सांगून येतो?"

पाकिटावर छापलेलं असायचं, पाच दिवस द्या. तिसऱ्या दिवशी पिल्लं दाणे टिपू लागली की दादा थांबायचा.

"दादा, पाच दिवस लिहिलंय."

"बरी झाली ना? उरलेलं पुढच्या बॅचला."

"मग त्यांनी पाच कशाला छापलं असतं?"

"मास्तरीणबाई, मला कोंबड्या वाढवायच्यात, परीक्षेला बसवायच्या नाहीत."

हा माणूस माझा खरा पोशिंदा. पहिल्या दिवशी आमच्यातले कोट्यवधी मेले. दुसऱ्या दिवशी आणखी मेले. उरलो ते चिवट. कुणाकडे औषधाचे तुकडे करायची युक्ती होती, कुणाकडे ते आत आलं तसं बाहेर फेकायची. आणखी दोन दिवस काढणं आमच्यातल्या कित्येकांना जड गेलं असतं. पण तिसऱ्या दिवशी पिंपात साधं पाणी आलं. मेलेल्यांची जागा मोकळीच होती, ती आम्ही भरून काढली.

आणि युक्ती आम्ही लपवून ठेवत नाही. शेजारी ओळखीचा असो वा नसो, आपल्या जातीचा असो वा नसो, त्याला चिकटायचं आणि युक्तीची नक्कल त्याला देऊन टाकायची. तुम्हाला एवढ्यासाठी समित्या नेमाव्या लागतात.

एक दिवस पाण्याची नळी दुरुस्त करताना दादाच्या उजव्या अंगठ्यात तार घुसली. त्याने अंगठा पँटला पुसला आणि तोच हात भुशात घालून मेलेली कोंबडी उचलली. मी आत शिरलो. मला चोर म्हणू नका, दार उघडंच होतं.

तिसऱ्या दिवशी अंगठा टम्म फुगला. बहीण म्हणाली, "डॉक्टरकडे चल."

दादाने कोंबड्यांच्या औषधाची बाटली काढली, मापाचं झाकण भरलं आणि घशात ओतलं. "पाच हजारांना लागू पडतं, मला एकट्याला पडणार नाही?"

"पिसं फुटतील तुला."

"फुटू देत. मग उडतच जाईन डॉक्टरकडे."

ज्या औषधावर माझ्या पिढ्यानपिढ्या पोसल्या, तेच औषध तो माझ्यावर सोडत होता. मला तोंड असतं तर मी पोट धरून हसलो असतो. चार दिवस त्याने झाकणं रिचवली. सूज मनगटाच्या वर चढली, अंगठा काळा पडत चालला, तापाने तो बरळू लागला, तेव्हा बहिणीने त्याला दवाखान्यात नेलं.

"आतापर्यंत काय काय घेतलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बहिणीने सांगितलं, "कोंबड्यांचं औषध."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हात वाचेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही. आधी बघू, कोणतं औषध लागू पडतंय."

पुवाच्या थेंबातून मी प्रयोगशाळेत आलो. तिथल्या चष्मेवाल्या ताईंनी मला काचेच्या बशीत पसरलं आणि वर कागदाच्या नऊ चकत्या ठेवल्या. प्रत्येक चकतीत वेगळं औषध. जे औषध लागू पडतं, त्याच्या चकतीभोवती मी उगवू शकत नाही; तिथे स्वच्छ वर्तुळ उरतं. दुसऱ्या दिवशी ताईंनी बशी उजेडाकडे धरली. आठ चकत्यांना मी खेटून उभा होतो.

"आठ गेल्या," त्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हणाल्या.

नवव्या चकतीभोवती मात्र वर्तुळ होतं. तिथे मी नव्हतो. त्या औषधावरची युक्ती मला कुणी दिली नव्हती. अजून तरी.

त्या नवव्या औषधाने दादाचा हात वाचवला. अंगठा वाचला नाही.

त्यानंतर मास्तरणीने शेड ताब्यात घेतली. जुना भुसा बाहेर काढला, नळ्या खरवडून धुतल्या, दोन आठवडे शेड रिकामी आणि कोरडी ठेवली. दाराशी साबण आला, शेडच्या चपला वेगळ्या झाल्या. पिल्लं आणली ती साडेतीन हजारच. मला हे अजिबात मानवलं नाही. औषधाशी मी झुंजू शकतो, पण कोरडी जमीन आणि साबण यांच्यापुढे माझी एकही युक्ती चालत नाही. तरी पिंपाखालच्या ओल्या फटीत थोडा उरलोच.

मग एके सकाळी औषधवाला आला. दवाखान्याचं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याने पिंपाच्या झाकणावर बाटली ठेवली. "नवीन आलंय, दादा. बाकीच्यांना दाद देत नाहीत ते जंतू याने आडवे होतात."

मास्तरणीने बाटली उचलून बारीक अक्षर वाचलं. नाव तिला पाठ होतं. दादाच्या खाटेशी टांगलेल्या कागदावर तेच होतं. नववं.

फटीत मी टपून बसलो. याच दिवसाची मी वाट बघत होतो. घाला पिंपात. दोन दिवस घाला, तिसऱ्या दिवशी थांबा. माझी तुमच्याकडे एवढी एकच विनंती आहे.

दादाने खिशातला हात काढून वर केला.

"चार बाटल्या देऊ?" औषधवाल्याने विचारलं.

"तो चार नाही दाखवत," मास्तरीण म्हणाली. "पाचवं कुठे गेलं ते दाखवतोय."

औषधवाल्याने तिच्या हातातली बाटली घेऊन पिशवीत टाकली. मग म्हणाला, "आणि पिल्लं आजारी पडली तर?"

"तर डॉक्टर येऊन बघतील. सांगतील ते देऊ, आणि सांगतील तितके दिवस देऊ."

दादाने चार बोटांनी पिंपाचा नळ सोडला. साधं पाणी गेलं.

ठीक आहे. या शेडमध्ये मी हरलो, म्हणा हवं तर. पण मोटारसायकल चालू झालेली मी ऐकली. ती लांब गेली नाही. पुढच्याच शेडच्या दारात थांबली. तिथेही निळा पिंप आहे, आणि तिथेही मीच आहे. बाटली पिशवीतून पुन्हा बाहेर निघाली आहे. आता तिथे कुणी हात वर करतं का, तेवढं बघतो.